मामींचा प्रश्न प्रबंधात घ्या

पत्राचा सारांश: पत्रलेखिका विदर्भातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करतात. विषय आहे गडचिरोली जिल्ह्यातल्या आत्मसमर्पित नक्षलवाद्यांची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी. गाईडनी ६० प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या आहेत आणि यादी पोलिसांकडून मिळाली आहे. निम्म्या प्रश्नावल्या झाल्या, पण सगळ्या एकसारख्याच दिसतात: गरीब घर, अर्धवट सुटलेली शाळा, दोन-चार एकर धान. ‘मग कारण म्हणून गरिबी लिहून मोकळी होऊ का?’ असं त्या विचारतात. त्यातच एका बाईंनी रेकॉर्डर बंद करायला लावून, गावातल्या एकाला खबऱ्या ठरवून मारलं त्या रात्रीबद्दल सांगितलं. त्या स्वतः तिथे हजर होत्या. हे सगळं वहीत उतरलं आहे आणि त्याचं काय करायचं ते सुचत नाही. पत्रलेखिकेचा मामेभाऊ पोलिसांत होता, भूसुरुंगाच्या स्फोटात गेला. मामी म्हणाल्या, “त्यांच्या घरची विचारपूस करायला जातेस. आमच्याकडे कोण आलं विचारायला?” तेव्हापासून काम ठप्प आहे. विषय सोडून द्यावा का, असं त्या विचारतात. जाता जाता आणखी एक प्रश्न आहे: काही जण मुलाखतीचे पैसे मागतात, ते द्यावेत का?

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मामींच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते. पत्रात तुम्ही ते शेवटी, घाईघाईत उरकलं आहे, पण तुमचा हात अडलाय तो तिथेच असं मला वाटतं.

त्या खोटं काय बोलल्या? मानवंदना झाली, पुढारी येऊन गेले, फोटोला हार पडला. त्यानंतर वही-पेन घेऊन त्या घरात कोणी गेलं नाही. मुलगा पोलिसांत का गेला, भरती झाल्यावर घरच्यांना गावात सुखाने राहता आलं का, सुट्टीत तो घरी मुक्काम करत होता की नाही, हे त्यांना कोणी विचारलं नाही. आणि भाची मात्र ६० जणांची यादी घेऊन फिरतेय. लागणारच. पण यातून तुम्ही जो अर्थ काढलात, की एका बाजूच्या माणसाच्या घराबद्दल विचारलं म्हणजे दुसऱ्या बाजूशी बेइमानी झाली, तो मला पटत नाही. शरण आलेल्या प्रत्येकाला पोलीसही हेच विचारतात: गाव कोणतं, शाळा कुठली, दलममध्ये (नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत) कोणी नेलं, नात्यातलं आधी कोण गेलं होतं. म्हणून त्या फौजदाराला कोणी नक्षलवाद्यांचा हितचिंतक ठरवत नाही. तुम्ही तरी स्वतःला का ठरवताय?

उलट मामींनी तुमच्या प्रबंधातली मोठी उणीव नेमकी दाखवून दिली आहे.

तुमच्या प्रश्नावल्या सारख्या दिसतात त्याचं कारण साधं आहे. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा आणि ज्या घरातून कोणीही जंगलात गेलं नाही अशा तीस घरांत हीच प्रश्नावली भरा. थोड्याफार फरकाने हीच उत्तरं येतील. तेच धान, तीच आश्रमशाळा, तोच उन्हाळ्यातला तेंदूपत्ता आणि मोहफूल. त्या घरांतली बहुतेक पोरं कुठेही गेली नाहीत. एकाच घरातल्या तीन बहिणींपैकी एक जाते आणि दोघी राहतात. जे सगळ्यांच्याच घरी आहे, ते एकीच्या जाण्याचं कारण कसं होईल? फक्त गेलेल्यांनाच विचारत राहिलं की काहीही कारण ठरू शकतं. ‘घरी कोंबड्या होत्या का’ असा रकाना घाला, तीसच्या तीस उत्तरं ‘होय’ येतील.

अभ्यासकांना हा धडा अनेक देशांत मिळाला आहे. ॲलन क्रूगर आणि यित्का मालेचकोव्हा या दोघांनी २००३ साली एक लेख लिहिला. त्यात त्यांनी हिजबुल्लाह या सशस्त्र संघटनेच्या मारल्या गेलेल्या १२९ जणांची माहिती लेबनॉनमधल्या सर्वसाधारण तरुणांशी ताडून पाहिली. मारले गेलेले गरिबीत किंचित कमी आणि शिक्षणात थोडे वरचढ निघाले. यावरून गडचिरोलीत गरिबीचा संबंधच नाही असं म्हणायला जाऊ नका, ते लेबनॉन आहे. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच की त्यांनी न गेलेल्यांकडेही पाहिलं. तुमच्या आराखड्यात न गेलेला माणूसच नाही.

आता मामींकडे परत येऊ. गडचिरोली पोलिसांचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक १९९० च्या सुमारास उभं राहिलं ते स्थानिक तरुणांमधून. भाषा येणारी, जंगलाच्या वाटा पायाखाली असलेली पोरं त्यात घेतली. म्हणजे त्याच गावांतली, पुष्कळदा त्याच आश्रमशाळेच्या बाकावर बसलेली. तुलना करायला यापेक्षा चांगला गट तुम्हाला कुठे मिळणार? एका गावातला, एका वयाचा एक जण दलममध्ये गेला, एक पोलिसांत गेला आणि एक अजून शेतावर आहे. तिघांनाही सारखेच प्रश्न विचारा. यादीतून ६० नावं गाठण्याऐवजी पाच-सहा गावं निवडा आणि प्रत्येक गावात हे तीन प्रकारचे लोक शोधा. संख्या कमी झाली म्हणून गाईड कुरकुर करतील. त्यांना सांगा की शीर्षक तेच राहील, ‘तुलनात्मक अभ्यास’ एवढी पुस्ती जोडायला विद्यापीठाच्या संशोधन समितीकडे (आरआरसी) अर्ज करू. मीही विद्यार्थ्यांचे प्रबंध करून घेतले आहेत. असे बदल मंजूर होतात, गाईडला फक्त एक सही जास्त करावी लागते.

मामींची मुलाखत मात्र तुम्ही स्वतः घेऊ नका. भाचीला नाही म्हणणं जड जातं, आणि जे सांगायचं ते भाचीसमोर सांगताही येत नाही. त्यांची इच्छा असेल तर दुसऱ्या कोणाला पाठवा. नुसतं भेटायला मात्र जा, वही न घेता.

विचारायचं काय, हा पुढचा मुद्दा. ‘तुम्ही का गेलात?’ या प्रश्नाचं उत्तर त्या मंडळींकडे आता तयार असतं. ते त्यांनी पोलिसांना सांगितलंय, अधीक्षक कार्यालयातल्या कार्यक्रमात सांगितलंय, वाहिन्यांना सांगितलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, त्यानंतर तर कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघच लागली. तेच वाक्य शंभरदा बोललं की बोलणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉर्गन बरीच वर्षं सांगत आलेत की हिंसक संघटनांत जाणाऱ्यांचा एक ठरावीक साचा सापडत नाही, त्यामुळे कोण गेलं यापेक्षा ते टप्प्याटप्प्याने कसे गेले ते पाहा. म्हणून ‘का’ सोडा आणि बारीकसारीक विचारा. दलम गावात आलं तेव्हा जेवण कोणाकडे झालं? नाट्य मंचाची, म्हणजे संघटनेच्या कलापथकाची, गाणी पहिल्यांदा कुठे ऐकली? घरात लग्नाचं बोलणं चाललं होतं का, आणि ते तुम्हाला पसंत होतं का? त्या महिन्यात पोलिसांनी गावातून कोणाला उचललं होतं का? निघालात तेव्हा सोबत कोण होतं? या शेवटच्या प्रश्नाला खूप जागा ठेवा. मैत्रीण, चुलतभाऊ, आधी गेलेली बहीण असं कोणीतरी बहुधा निघतंच, आणि तुमच्या छापील प्रश्नावलीत त्यासाठी रकानाच नाही.

‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ हा रकाना मात्र आहे! माडिया आदिवासी घरात त्याचं उत्तर काय येणार? धान घरीच खाल्लं, मोह अंगणात वाळला, बांबू घराला लागला. रोख पैसा हाती येतो तो मुख्यतः तेंदूच्या हंगामात, तोही पुड्यांच्या हिशेबाने. एका पुड्यात ७० पानं आणि भाव शेकड्याचा. समोरचा माणूस बोटांवर मोजत काहीतरी सांगतो आणि तुम्ही त्याला बाराने गुणता. त्याऐवजी विचारा, ‘तुम्ही गेलात त्या वर्षी शेकडा काय भाव मिळाला आणि पैसे कोणी बुडवले?’ यातून इतिहासही उलगडेल. १९८० मध्ये तेलंगणातून दलम सिरोंचा-अहेरीकडे आली, तेव्हा कंत्राटदारांकडून तेंदू-बांबूची मजुरी वाढवून घेणं हा गावात शिरण्याचा एक मोठा रस्ता होता. त्या काळात गेलेला माणूस आणि २००५ नंतर, गावात दोन्हीकडून दहशत असताना गेलेली पोर, हे एकाच तक्त्यात बसत नाहीत. नेते तर मुळीच बसत नाहीत. अहेरी तालुक्यातली तारक्का १९८३ च्या सुमारास गेली आणि १ जानेवारी २०२५ ला शरण आली. मे २०२५ मध्ये मारला गेलेला बसवराजू वारंगलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला. अनुराधा गांधी नागपुरात प्राध्यापक होत्या. मिलिंद तेलतुंबडे वणी तालुक्यातला, कोळसा खाणीत नोकरीला होता. यांची सरासरी काढलीत तर अर्धवट शिकलेला, अर्धा इंजिनिअर असा एक माणूस निघेल, जो जंगलात कधी नव्हताच.

पोलिसांच्या यादीबद्दलही सावध राहा. यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण चकमकीत मेलेले तिच्यात नाहीत, तुरुंगातले नाहीत, आणि गाजावाजा न करता परत येऊन नांगर धरलेले तर नाहीतच. शिवाय कागदावर लिहिलेलं आणि कोर्टात टिकलेलं यांत फरक असतो. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांच्या खटल्यात १२ जणांना २०१५ साली शिक्षा झाली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेल्यांना २०१६ साली आरोपांतून मुक्त केलं गेलं. मधल्या काळात ज्या कोणी आरोपपत्रं समोर ठेवून ‘अतिरेक्यांची पार्श्वभूमी’ लिहिली असेल, त्याच्या निष्कर्षांचं काय झालं असेल याचा विचार करा. म्हणून तुमच्या नोंदींत तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा: माणूस स्वतः काय म्हणाला, पोलीस काय म्हणतात आणि न्यायालयात काय सिद्ध झालं. प्रबंधातही त्या वेगळ्याच दिसू द्या.

आता त्या रात्रीबद्दल. मी वकील नाही. म्हणूनच सांगते, आधी फौजदारी काम पाहणाऱ्या चांगल्या वकिलाकडे जा, गाईडकडे नंतर. वकिलाशी केलेल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, गाईडशी केलेल्या बोलण्याला नाही. आणि मुलाखत देणाऱ्याने संशोधकाला जे सांगितलं त्यालाही नाही. आपल्याकडे ‘मी गुप्ततेचं वचन दिलंय’ असं संशोधकाने म्हटलं म्हणून न्यायालय थांबत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने, वाजवी कारण नसेल तर, ती दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवायची असते. इतक्या वर्षांपूर्वीच्या घटनेला, जिची नोंद कदाचित तेव्हाच झाली असेल, हे कितपत लागू होतं ते वकीलच सांगतील. तोवर वहीतलं पान फाडू नका, जाळू नका. त्याचा फोटो काढून कोणाला पाठवू नका. आणि त्या बाईंकडे जाऊन ‘नीट सांगा, कोण कोण होतं’ असं तर अजिबात विचारू नका. आत्मसमर्पण केलं म्हणून जुने गुन्हे आपोआप मिटत नाहीत. तुमची वही त्यांच्या गळ्याशी येऊ शकते, हे त्यांना बोलताना ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. त्या रात्री जो मारला गेला त्याचंही घर त्याच गावात असेल, आणि तुमच्या मामींसारखंच तेही कोणी न विचारलेलं. तुम्ही त्या बाईंना सांभाळताय हे योग्यच आहे, पण ते घर विसरू नका. प्रबंधात ही एक घटना येऊ नये असं माझं मत आहे. खबऱ्या ठरवून मारले गेलेल्यांची कुटुंबं हा गट मात्र तुलनेत जरूर यावा.

गुप्ततेचं वचन किती महागात पडू शकतं ते उत्तर आयर्लंडमध्ये दिसलं. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने २००१ पासून काही वर्षं तिथल्या जुन्या सशस्त्र गटांतल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. वचन असं होतं की तुम्ही हयात असेपर्यंत हे बाहेर येणार नाही. २०११ मध्ये ब्रिटनने १९७२ सालच्या एका खुनाच्या तपासासाठी अमेरिकी न्यायालयामार्फत टेप मागितल्या आणि काही टेप द्याव्या लागल्या. २०१४ मध्ये सिन फेन पक्षाचे नेते जेरी ॲडम्स यांना त्याच प्रकरणात चार दिवस कोठडीत ठेवलं आणि नंतर आरोप न ठेवता सोडलं. २०१९ मध्ये दुसऱ्या एका आरोपीच्या खटल्यात न्यायालयाने टेप पुरावा म्हणून स्वीकारल्याच नाहीत. पण तोवर बोलणारे आणि त्यांच्या मुलाखती घेणारे, दोघांनाही गावात तोंड दाखवणं अवघड झालं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेला जे पाळता आलं नाही, ते वचन तुम्ही एकटीने देऊ नका.

यापुढे मुलाखत सुरू करण्याआधीच, त्यांच्या भाषेत, स्पष्ट सांगा: ‘कोणी मेलं, कोणाला मारलं अशा गोष्टीतलं नाव, गाव, तारीख मला सांगू नका. सांगितलंत तर ते माझ्याजवळच राहील अशी खात्री मी देऊ शकत नाही.’ दुभाषी पोलीस खात्यातला नको, त्याच गावचाही नको. मुलाखत शरण आलेल्यांच्या वसाहतीत, कोणी दारात उभं असताना घेऊ नका. समोरच्याला ‘नाही’ म्हणता येतंय ना हे आधी पाहा. पोलिसांच्या यादीवरून आलेल्या बाईला नकार देणं त्यांना शक्य वाटतं का, हे मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दिवशीच विचारलं असतं.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. ‘एटापल्ली तालुक्यातली, २००४ साली गेलेली, नाट्य मंचात गाणारी, भाऊ आश्रमशाळेत शिपाई’ एवढं लिहिलंत की पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही नाव सांगेल. शरण आलेल्यांना नंतर गाठून मारल्याच्या घटना या जिल्ह्यात घडलेल्या आहेत. जवानांच्या घरांनाही तोच धोका असतो. तालुक्याऐवजी ‘दक्षिण भाग’ लिहा, सालाऐवजी दशक लिहा, आणि दोन ओळखीच्या गोष्टी एका माणसाच्या वाटेला येऊ देऊ नका. नावांची किल्ली, म्हणजे कोणत्या बदललेल्या नावामागे कोण आहे ती यादी, वेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवा. मोबाइलमध्ये नाही.

स्वतःकडेही लक्ष द्या. फील्डवर जाताना विद्यापीठाचं पत्र जवळ असू द्या. संघटनेची पत्रकं, पुस्तिका वाचाव्या लागतीलच, तेव्हा प्रत्येक कागद कुठून, कधी मिळाला याची नोंद ठेवा आणि गाईडना ते लेखी कळवा. नुसतं साहित्य जवळ असणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांना जामीन देताना म्हटलं. मात्र त्यांना अटक झाली होती ऑगस्ट २०१८ मध्ये. कायदा आपल्या बाजूने आहे हे ऐकायला पाच वर्षं लागू शकतात. चालू असलेल्या कुठल्याही गुप्त गटात, चॅनेलवर ‘अभ्यासासाठी’ सामील होऊ नका.

विषय सोडावा का? आहे तसा पुढे रेटलात तर पदवी मिळेल, प्रबंध ग्रंथालयात धूळ खाईल आणि ‘गरिबी व अशिक्षितपणा’ हे वाक्य आणखी एकदा छापलं जाईल. सोडलात तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण तीस जणांनी सांगितलेलं तुमच्याकडे आहे, त्याची जबाबदारी सुटत नाही. माझा कौल आराखडा बदलून विषय चालू ठेवण्याकडे आहे. तुमच्या पत्रात जी अस्वस्थता आहे ती असलेला माणूस या कामाला हवा. मात्र वकिलाची भेट होईपर्यंत नवी मुलाखत घेऊ नका.

आणि पैसे. द्या, पण कथेचे देऊ नका. बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या: तिथे चालू असलेल्या दराने, सगळ्यांना सारखी, दलमवाल्याला, जवानाच्या घरच्यांना आणि शेतावरच्यालाही. बोलणं सुरू होण्याआधी हातात ठेवा आणि सांगा की मधेच उठून गेलात तरी हे तुमचेच. पावतीवर सही किंवा अंगठा घेऊ नका, नाहीतर तुम्ही लपवलेली सगळी नावं विद्यापीठाच्या लेखा विभागात एका फायलीत जमा होतील. रोख खर्चाला पावतीऐवजी गाईडच्या सहीचा दाखला चालतो का, ते निघण्याआधी विचारून घ्या.